स्थापनासंवादाचा पायाभूत वर्ग आणि मराठी वाक्य : ‘डेबकॉन्फ’ची समीक्षा

प्रास्ताविक

संगणकावर एखादी प्रणाली किंवा आज्ञावली बसवताना पडद्यावर एकामागून एक चौकटी येतात. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कचा कोणता भाग वापरायचा, परवान्याच्या अटी मान्य आहेत का, असे प्रश्न त्या विचारतात. वापरकर्ता उत्तरे देतो आणि पुढे जातो. या चौकटींना येथे ‘स्थापनासंवाद’ असे म्हटले आहे. मराठी संगणकीय परिभाषेवर बरीच चर्चा झाली असली, तरी ती प्रामुख्याने एकेका शब्दाच्या प्रतिशब्दापुरती राहिली. ज्या सांगाड्यात हे प्रतिशब्द बसवले जातात, त्याची समीक्षा त्या मानाने फारच थोडी झाली आहे. प्रस्तुत लेखात डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या ‘डेबकॉन्फ’ या संवादव्यवस्थेतील पायाभूत वर्गाचे मराठी वाक्यरचनेच्या दृष्टीने परीक्षण केले आहे.

हा वर्ग निवडण्यास कारण आहे. 14 फेब्रुवारी 2009 रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या 5.0 या आवृत्तीत (सांकेतिक नाव ‘लेनी’) स्थापनासंवादासाठी ज्या पाच भाषा नव्याने आल्या, त्यांत मराठी होती. इतर चार भाषा अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी आणि सर्बियन या होत. त्यामुळे मराठी भाषक विंडोजच्या बाहेरही आपल्या भाषेतील प्रश्नांना उत्तरे देत संपूर्ण प्रणाली बसवू शकला. या घटनेचे श्रेय अनुवादकांना द्यावयास हवेच. परंतु अनुवादकांनी भरलेली चौकट कोणत्या मापाची होती, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

पायाभूत वर्ग म्हणजे काय

संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी ही संकल्पना थोडक्यात स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात रजेचा अर्ज, बोनाफाइड दाखल्याचा अर्ज, शुल्कसवलतीचा अर्ज असे अनेक छापील नमुने असतात. त्या सर्वांत अर्जदाराचे नाव, दिनांक आणि सही या जागा समान असतात. हा समान भाग एकदाच ठरवून बाकीचे नमुने त्यावरून बेतले, तर तो समान भाग म्हणजे ‘बेस क्लास’ अर्थात पायाभूत वर्ग होय. त्यापासून तयार झालेले नमुने हे साधित वर्ग होत. पायाभूत नमुन्यात वडिलांच्या नावाची जागा असेल आणि आईच्या नावाची नसेल, तर ती उणीव प्रत्येक साधित नमुन्यात उतरते. लिपिकाने समासात कितीही सुंदर अक्षरात आईचे नाव लिहिले, तरी नोंदवहीच्या दृष्टीने ते नाव नोंदलेलेच नसते.

डेबकॉन्फची मूळ रचना 1999 च्या सुमारास जोई हेस यांनी पर्ल या भाषेत केली. तिच्यात ‘एलिमेंट’ नावाचा पायाभूत वर्ग आहे. त्याच्याकडे मोजकीच कामे सोपवलेली आहेत. आपण कोणता प्रश्न वाहून नेत आहोत हे त्याला माहीत असते. आपण वापरकर्त्याला दिसतो की नाही, हे तो सांगतो. दिसत असल्यास तो प्रश्न पडद्यावर मांडतो आणि आलेले उत्तर परत देतो. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न, अनेकांतून एक निवडण्याचा प्रश्न, अनेकांतून अनेक निवडण्याचा प्रश्न, मोकळ्या मजकुराचा प्रश्न, परवलीच्या शब्दाचा प्रश्न आणि केवळ सूचना हे त्याचे साधित प्रकार होत. मजकुरी पडदा, चित्रमय पडदा, संपादकातील यादी अशा प्रत्येक प्रकटीकरणासाठी या घटकांचे वेगळे संच आहेत. डेबियनच्या प्रत्यक्ष स्थापनाप्रक्रियेत ‘सीडेबकॉन्फ’ हे याच व्यवस्थेचे सी भाषेतील रूप वापरले जाते. सी भाषेत वर्गाची सोय नाही. म्हणून तेथे प्रत्येक प्रश्नप्रकारासाठी हाताळणी करणाऱ्या फलनांची सारणी ठेवली आहे. रचना बदलली तरी त्यामागील विचार तोच राहिला आहे.

उंबरठ्यावरील प्रश्नांचे महत्त्व

स्थापनासंवाद एकदाच दिसतो. मग त्याच्या भाषेची एवढी चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड या गावाच्या इतिहासात सापडते. या गावचे धोंडो केशव कर्वे 1875 साली परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून सुमारे 110 मैल चालत भर पावसात साताऱ्यास गेले. परीक्षेसाठी वयाची 17 वर्षे पूर्ण असण्याची अट होती आणि ती त्यांनी पूर्ण केली होती. मात्र ते वयाने लहान दिसतात, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. अट योग्य होती आणि उमेदवारही पात्र होता. दोष होता तो उत्तर ओळखण्याच्या रीतीत. उंबरठ्यावरील तपासणीत चूक झाली, तर तिची किंमत तपासणी करणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती चालत आलेल्या माणसाला द्यावी लागते, आणि परत गेलेल्याची नोंद कोठेही राहत नाही. पुढे याच कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे हा आग्रह त्या योजनेच्या मुळाशी होता. मातृभाषा हा वरून चढवण्याचा थर मानायचा की पाया, हा भेद त्यांनी त्या काळी ओळखला होता. स्थापनासंवादाच्या बाबतीत प्रश्न नेमका हाच आहे.

शिवाय या संवादातील चूक महागात पडते. डिस्कचे विभाग पाडताना दिलेले एक चुकीचे उत्तर संगणकावरील सर्व माहिती नष्ट करू शकते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा गावातील सायबर कॅफेत हे काम ज्याच्याकडे येते, तो इंग्रजी वाचून नव्हे, तर ‘पुढे-पुढे’ हे बटण दाबत प्रणाली ‘टाकत’ असतो. त्याला मराठी वाचून विचार करण्याची संधी मिळावी, हा अनुवादाचा हेतू आहे. तो हेतू साध्य होतो का, हे पाहण्यासाठी आता त्या वर्गाच्या गुणांकडे व मर्यादांकडे वळणे योग्य ठरेल.

गुण : प्रश्न आणि प्रश्नाचे दर्शन यांची फारकत

या पायाभूत वर्गाचा सर्वांत मोठा गुण असा की, प्रश्न काय आहे आणि तो कसा दिसतो या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. मराठीला या फारकतीचा प्रत्यक्ष लाभ झाला. लिनक्सच्या साध्या मजकुरी पडद्यावर एका वेळी 256 किंवा फार तर 512 चिन्हाकृती राहू शकतात आणि प्रत्येक चिन्हास ठरावीक रुंदीचे घर मिळते. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार या घरांत बसत नाहीत. 8 एप्रिल 2007 रोजी आलेल्या डेबियन 4.0 मध्ये स्थापनेसाठी चित्रमय पडदा उपलब्ध झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. प्रश्न तेच राहिले. ते मांडणारे घटक तेवढे बदलले. लेनी आवृत्तीतील एकूण 63 भाषांपैकी 50 भाषा मजकुरी पडद्यावर चालत होत्या आणि 13 भाषा केवळ चित्रमय पडद्यावर. मराठी या तेरांपैकी एक होती. प्रश्न आणि दर्शन एकमेकांत गुंतलेले असते, तर प्रत्येक प्रश्न नव्याने लिहावा लागला असता आणि मराठीची वाट आणखी लांबली असती.

तुलनेसाठी विंडोजवरील स्थापनासाधनांकडे पाहता येईल. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीची सांकेतिक सारणी कधीच नव्हती. हिंदी व मराठी तेथे युनिकोडमार्गेच आल्या. एनएसआयएस या लोकप्रिय साधनाच्या अधिकृत आवृत्तीत युनिकोड 2016 साली, 3.0 या आवृत्तीबरोबर आले. म्हणजे डेबियनच्या स्थापनासंवादात मराठी आल्यानंतर सात वर्षांनी. इनो सेटअप या दुसऱ्या साधनातील ‘सेटअपफॉर्म’ या पायाभूत वर्गाने फॉन्ट, चौकटीचे मापप्रमाण आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी घटकांची उलट मांडणी या गोष्टी स्वतःकडे घेतल्या. अरबी व हिब्रू भाषांच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. लिपीची दिशा हा पायाभूत वर्गाचा विषय होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. मग व्याकरण हा त्याचा विषय का होऊ नये, हा प्रश्न येथून उद्भवतो.

मर्यादा 1 : रिकामी जागा आणि सामान्यरूप

डेबकॉन्फमध्ये प्रश्नाचे वाक्य म्हणजे एक अखंड मजकूर असतो. त्यात ऐन वेळी भरावयाच्या नावासाठी रिकामी जागा ठेवलेली असते. इंग्रजीत ही सोय निर्वेध चालते, कारण तेथे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी सुटे येते आणि नामाचे रूप बदलत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला चिकटतो आणि प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथापासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र या विकाराची चर्चा आहे.

मुरूडच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरगुती निवासव्यवस्थेच्या नोंदणीसाठी आज्ञावली तयार केली आणि तिच्या स्थापनासंवादात ‘अमुक गावी शाखा सुरू करायची का’ असा प्रश्न ठेवला, अशी कल्पना करावी. गावाचे नाव ऐन वेळी भरले जाणार आहे. ‘केळशी’ला ‘त’ हा प्रत्यय तसाच लागतो : केळशीत. ‘लाडघर’चे ‘लाडघरात’ होते. ‘आंजर्ले’चे मात्र ‘आंजर्ल्यात’ आणि ‘कर्दे’चे ‘कर्द्यात’ होते. खुद्द ‘मुरूड’ हे नाव ‘मुरुडात’ असे होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व करून घेते. यंत्राने रिकाम्या जागेपुढे ‘त’ जोडला, तर ‘आंजर्लेत’ आणि ‘मुरूडत’ अशी रूपे पडद्यावर येतील. मराठी माणूस ती समजून घेईल, परंतु ही भाषा आपल्यासाठी लिहिलेली नाही, हेही त्याला त्याच क्षणी कळेल.

अनुवादकांना यावर एक तोड उपलब्ध आहे आणि ती मराठीच्या घरातलीच आहे. निमंत्रणपत्रिकांत व शासकीय पत्रव्यवहारात ‘दापोली येथे’, ‘आंजर्ले या गावी’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. येथे विशेषनाम मूळ रूपात राहते आणि प्रत्ययाचा भार जातिवाचक नाम उचलते. ‘अमुक या फोल्डरमध्ये’, ‘अमुक ही फाइल’, ‘अमुक हे पॅकेज’ अशी रचना केल्यास सामान्यरूप व लिंग या दोन्ही अडचणी एकदमच सुटतात. परंतु रिकाम्या जागेत फाइलचे नाव येणार की फोल्डरचे, हे अनुवादकाला माहीत असेल तरच हे शक्य आहे. डेबकॉन्फचा पायाभूत वर्ग हे सांगत नाही. रिकाम्या जागेला त्याने नाव दिले आहे, पण जात दिलेली नाही. अनुवादकाला ती संदर्भावरून ताडावी लागते आणि जेथे ताडता येत नाही तेथे वाक्य लंगडे राहते.

मर्यादा 2 : लिंग आणि प्रथम पुरुष

‘मी अटी मान्य करतो’ हे वाक्य अनेक मराठी संवादचौकटींत आढळते. इनो सेटअपच्या परवानाचौकटीत इंग्रजी वाक्य प्रथमपुरुषी आहे आणि एनएसआयएसमधील बटणही ‘मी सहमत आहे’ याच अर्थाचे आहे. इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवत नाही; मराठी कर्तरी प्रयोगातील वर्तमानकाळ ते दाखवतो. म्हणून प्रणाली बसवणारी स्त्री असेल, तर तिला आपल्या तोंडी न येणारे वाक्य मान्य करून पुढे जावे लागते. ‘करतो/करते’ असा तिरका दांडा घातला, तर वाक्य अर्जाच्या नमुन्यासारखे दिसू लागते.

मराठीत यावर दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, ‘मला अटी मान्य आहेत’. येथे अनुभव घेणारा चतुर्थीत जातो आणि क्रियापद अटींशी जुळते. दुसरा, ‘मी अटी मान्य केल्या आहेत’. या कर्मणी प्रयोगातही क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते आणि बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. दोहोंत सूक्ष्म भेद आहे. पहिले वाक्य मनःस्थिती सांगते, तर दुसरे घडलेली कृती सांगते. करारासाठी दुसरे अधिक काटेकोर, तर संवादासाठी पहिले अधिक सहज वाटते. भाषेत सोय असूनही ‘करतो’ हे रूप रूढ झाले, याचा दोष पायाभूत वर्गावर ढकलता येणार नाही. शब्दशः अनुवादाची सवय हेच त्याचे कारण आहे.

या बाबतीत डेबियनची बाजू उजवी ठरते. तिच्या विकासकांसाठीच्या संदर्भपुस्तिकेत डेबकॉन्फचे प्रश्न लिहिताना प्रथम पुरुष टाळावा, यंत्र म्हणजे व्यक्ती नव्हे हे लक्षात ठेवावे आणि भाषा लिंगनिरपेक्ष ठेवावी, अशा सूचना आहेत. या सूचना इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी आहेत, पण त्यांचा लाभ मराठीस मिळतो. मात्र सूचना म्हणजे रचना नव्हे. ‘अमुक बसवला’, ‘अमुक बसवली’ की ‘अमुक बसवले’ हे ठरवण्यासाठी रिकाम्या जागेतील नामाचे लिंग कळावे लागते. ‘फाइल’ स्त्रीलिंगी, ‘ब्राउझर’ पुल्लिंगी आणि ‘सॉफ्टवेअर’ नपुंसकलिंगी रूढ झाले आहे, तर ‘फोल्डर’ कोणी पुल्लिंगी तर कोणी नपुंसकलिंगी वापरतो. पायाभूत वर्गात लिंगाची जागाच नसल्याने अनुवादक ‘बसवले जात आहे’ यापेक्षा ‘स्थापना होत आहे’ अशा नामप्रधान वाक्याकडे वळतो. मराठी संगणकीय भाषा क्रियापदांना पारखी होऊन नामांनी जड का झाली, याचे एक कारण येथे सापडते. तिच्या जडपणाचे खापर केवळ संस्कृतप्रचुर परिभाषेवर फोडणे म्हणूनच अपुरे आहे.

मर्यादा 3 : ‘हो’चा अर्थ

सर्वांत गंभीर मुद्दा हो-नाही प्रकारच्या घटकाचा आहे. हा घटक वापरकर्त्याच्या उत्तराचे खरे किंवा खोटे या दोनच मूल्यांत रूपांतर करतो. इंग्रजीत नकारार्थी प्रश्नाला दिलेले होकारार्थी उत्तर मुख्य क्रियेविषयी असते. मराठीत ते प्रश्नातील विधानाविषयी असू शकते. ‘चहा नको का?’ याला ‘हो’ म्हटले, तर चहा नको आहे असाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. ‘जुना विभाग ठेवायचा नाही का?’ या प्रश्नाखाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे असतील, तर दोन मराठी माणसे एकाच इच्छेने दोन वेगळी बटणे दाबतील. त्यांपैकी एकाची माहिती जाईल.

प्रश्न होकारार्थी ठेवणे हा यावरील पहिला उपाय. विभाग पाडण्याच्या अंतिम चौकटीत ‘बदल डिस्कवर लिहायचे का’ या आशयाचा सरळ प्रश्न आणि पूर्वनिश्चित उत्तर ‘नाही’ अशी डेबियनची व्यवस्था आहे. ही सुरक्षित व विवेकी रचना आहे. दुसरा उपाय म्हणजे बटणांवरच क्रियापदे ठेवणे : ‘पुसा’ आणि ‘राहू द्या’. पण पायाभूत वर्गाच्या हो-नाही प्रकारात बटणावरील शब्द प्रत्येक प्रश्नागणिक बदलण्याची सोय नाही. उत्तर बटणांनी द्यायचे की खूण करण्याच्या चौकोनाने, हे प्रकटीकरणावर अवलंबून असल्यामुळे प्रश्नात बटणांचा उल्लेखही करता येत नाही. प्रश्न आणि दर्शन यांच्या ज्या फारकतीचा वर गौरव केला, तिचीच ही दुसरी बाजू होय.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी लागते. अनेकांतून एक निवडण्याच्या प्रकारात वापरकर्त्याने मराठी पर्याय निवडला, तरी घटक त्याचे मूळ इंग्रजी पर्यायात रूपांतर करून तोच साठवतो. भाषा बदलली म्हणून यंत्राचे वर्तन बदलू नये, यासाठी हे आवश्यक आहे आणि ते योग्यही आहे. परंतु या व्यवस्थेत मराठी उत्तर स्वीकारले जाते, साठवले जात नाही, हे सत्य त्यातून स्पष्ट होते. म्हणूनच मराठी पर्याय आणि त्यामागील मूळ पर्याय यांचा अर्थ तंतोतंत जुळणे ही केवळ शैलीची बाब राहत नाही.

मर्यादा 4 : लांबीचे माप

डेबकॉन्फच्या प्रश्नाचे लघुवर्णन सुमारे 50 चिन्हांत बसावे, असा संकेत आहे. देवनागरीत चिन्ह म्हणजे काय, हे मात्र ठरवावे लागते. ‘अधिष्ठापना’ हा शब्द वाचकाला पाच अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात तो 10 संकेतबिंदूंचा आहे आणि यूटीएफ-8 पद्धतीत साठवताना 30 बाइट घेतो. त्याच अर्थाचा ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द रोमन लिपीत 12 अक्षरे व 12 बाइट घेतो. संकेतबिंदू मोजले तर मराठी आटोपशीर ठरते, बाइट मोजले तर ऐसपैस ठरते. पडद्यावर ती प्रत्यक्षात किती रुंद होते, हे दोन्ही मोजण्यांवरून कळत नाही. इंग्रजीचे माप मराठीला जसेच्या तसे लावल्यास अनुवादक विनाकारण शब्द तोडतो किंवा वाक्य चौकटीबाहेर जाते.

लिपीच्या इतर अंगांविषयीही हेच म्हणता येईल. ‘दुसऱ्या डिस्कवर’ यातील ‘ऱ्य’ नीट उमटतो का, ही मराठी स्थापनासंवादाची सोपी पण कसोटीची परीक्षा आहे. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र संकेतबिंदू 2008 साली युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत मिळाला. म्हणजे लेनी आवृत्तीच्या अवघे एक वर्ष आधी. भाषा आणि यंत्र या दोन्ही बाजू त्या काळात एकाच वेळी घडत होत्या, याचे भान ठेवून तत्कालीन अनुवादाचे मूल्यमापन केले पाहिजे.

शब्द आणि संबोधन

पायाभूत वर्गाच्या मर्यादा मान्य केल्या, तरी अनुवादाची स्वतःची जबाबदारी उरतेच. ‘इन्स्टॉल’ या क्रियेसाठी मराठीत अधिष्ठापना, प्रतिष्ठापना, स्थापना असे शब्द लिहिले गेले, तर बोलण्यात ‘टाकणे’, ‘बसवणे’, ‘इन्स्टॉल करणे’ ही रूपे रुळली. ‘प्रतिष्ठापना’ म्हटले की कोकणातील वाचकाच्या डोळ्यांसमोर भाद्रपदातील गणपती येतो. ‘बसवणे’ हा शब्दही गणपतीला चालतो आणि पाण्याच्या पंपालाही. संवादचौकटीसाठी हा दुसरा शब्द अधिक उपयुक्त आहे, कारण त्यातून करणारा, कृती आणि वस्तू हे तिन्ही स्पष्ट होतात. शीर्षकात ‘स्थापना’ आणि प्रश्नात ‘बसवायचे का’ अशी विभागणी केल्यास औपचारिकता व आकलन यांचा मेळ बसू शकतो.

संबोधनाचा मुद्दाही असाच आहे. ‘आपण’ हे सर्वनाम आदरार्थी द्वितीय पुरुष म्हणून येते, तसेच बोलणारा व ऐकणारा यांना एकत्र घेणारे म्हणूनही येते. ‘आपण पुढे जाऊ शकता’ आणि ‘आपण आता डिस्क निवडू’ ही वाक्ये एकाच संवादात आली, तर निवड कोण करणार, यंत्र की माणूस, असा संभ्रम होतो. आज्ञार्थी अनेकवचन (‘निवडा’, ‘थांबा’, ‘तपासा’) आदर राखते, लिंग दाखवत नाही आणि जबाबदारी कोणाची हेही सांगते. मराठी स्थापनासंवादाचा कणा हेच रूप असावे.

सुधारणेची शक्यता

वरील अपेक्षा अवास्तव आहेत, असे म्हणता येणार नाही. 2019 मध्ये 1.0 आवृत्तीस पोहोचलेल्या मोझिलाच्या ‘फ्लुएंट’ या अनुवादव्यवस्थेत एखाद्या नामाची वेगवेगळी विभक्तिरूपे व त्याचे लिंग त्या नामाबरोबरच नोंदवता येते आणि वाक्य त्यानुसार रूप निवडू शकते. रशियन, पोलिश अशा भाषांना जे लागते, तेच मराठीलाही लागते. स्थापनासंवादाच्या पायाभूत वर्गात तीन भर घातल्या तरी पुष्कळ काम होईल : रिकाम्या जागेत येणाऱ्या नामाची जात सांगणारी नोंद, हो-नाही प्रश्नासाठी क्रियापदी बटणांचा पर्याय, आणि लांबीचे माप प्रत्यक्ष उमटणाऱ्या रुंदीवरून घेण्याची सोय.

निष्कर्ष

डेबकॉन्फच्या पायाभूत वर्गाने प्रश्नाला त्याच्या दर्शनापासून वेगळे केले, म्हणून मराठी 2009 मध्ये स्थापनासंवादात येऊ शकली. हे त्याचे ऐतिहासिक श्रेय आहे. त्याच वर्गाने वाक्य मात्र अखंड मजकूर मानला. त्यामुळे सामान्यरूप, लिंग आणि होकाराचा अर्थ या मराठीच्या गरजा अनुवादकाच्या वैयक्तिक चातुर्यावर सोपवल्या गेल्या. येथे लिपी पायापर्यंत पोहोचली आहे; व्याकरण अजून वरच्या थरावरच आहे. अनुवादातील दोष आणि रचनेतील दोष वेगवेगळे ओळखल्याशिवाय मराठी संगणकीय भाषेची समीक्षा परिभाषाकोशाच्या पलीकडे जाणार नाही.

या कामात महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. डेबियनच्या अनुवादाच्या फायली सर्वांना खुल्या असतात आणि त्यांतील एकेक वाक्य तपासून दुरुस्ती सुचवता येते. मराठी विभागातील विद्यार्थ्याला सामान्यरूप कळते. संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्याला त्या वाक्यामागे कोणती कृती घडणार हे कळते. दोघांनी एकत्र बसून, रिकाम्या संगणकावर प्रणाली प्रत्यक्ष बसवत, प्रत्येक चौकट मोठ्याने वाचून पाहणे हा पदव्युत्तर प्रकल्पासाठी योग्य विषय ठरेल. सुरुवात डिस्क पुसण्याविषयीच्या चौकटींपासून करावी, कारण तेथील वाक्य चुकले तर गेलेली माहिती परत आणता येत नाही.